कंबोडियातल्या बालवाडीत सहकुटुंब स्वयंसेवा, कुणी केलीय का?

मुक्काम_नाशिक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की नवऱ्याच्या कंपनीत दहा वर्षं झाली की दोन महिने भरपगारी सुट्टी मिळते, ती त्याने आजवर घेतली नाही आणि या वर्षी नाही घेतली तर बुडणार. मी घरी ड्रॉइंगचे क्लास घेते, ते बंद ठेवता येतील. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी साडेपाचची. दोन महिने नुसतं हॉटेलं बदलत फिरायचं दोघांनाही नकोय, एका जागी राहून काहीतरी उपयोगाचं करावं असं डोक्यात आहे आणि मुलांनाही वेगळं जग दिसेल. शोधता शोधता सिएम रीपला येऊन थांबलो, म्हणजे अंगकोर वाटचं गाव. तिकडे बालवाड्यांमध्ये अख्खी फॅमिली व्हॉलंटियर म्हणून घेतात म्हणे.

एका एजन्सीशी बोलले. आठवड्याला मोठ्या माणसाला ३५० डॉलर, मुलांना निम्मे, त्यात राहणं, जेवण आणि "प्रोजेक्ट फी". चार आठवड्यांचे झाले ४२०० डॉलर, म्हणजे विमानाची तिकिटं सोडून साडेतीन लाखांच्या वर! मी म्हटलं आम्हाला लहान मुलांना शिकवायचा अनुभव नाही, तर ती बाई म्हणाली अनुभवाची काही गरज नाही, तुम्ही कुठल्याही सोमवारी जॉइन होऊ शकता, मुलांना फक्त प्रेम हवंय. ऐकायला छान वाटलं पण फोन ठेवल्यावर कुठेतरी खटकलं, काय ते नक्की सांगता येत नाहीये.

तर विचारायचं हे की कुणी असं केलंय का, एप्रिल-मे चालेल का (मुलांची सुट्टी तेव्हाच असते), व्हिसा कुठला, आम्ही शाकाहारी आहोत तर निभावेल का, आणि धाकटीला तिथल्या मुलांमध्येच बसवता येईल का. सासूबाईंचं मत विचारलं नसतानाही मिळालंय: "परक्या मुलखात जाऊन दुसऱ्यांची शेंबडी नाकं पुसायची हौस, घरची दोन आहेत ती कोण पुसणार."

तिरसट_तात्या

सासूबाईंशी सहमत. साडेतीन लाख भरून फुकट काम करायचं, ही आयडिया ज्याच्या डोक्यातून आली त्याला माझा साष्टांग दंडवत. फोटो छान येतील मात्र, तेवढं खरं.

पाऊसवेडी

तात्या, तुमचं अर्धं बरोबर आहे, कुठलं अर्धं ते सांगते.

आम्ही केलंय. आम्ही सिंगापूरला असतो. दोन वर्षांपूर्वी जून-जुलैमध्ये सात आठवडे राहिलो, सिएम रीपपासून पाऊण तासावरच्या एका खेड्यात, मी, नवरा आणि दोन मुलं, तेव्हा मुलगा ९ चा आणि मुलगी ४ ची. बालवाडीचं नाव देत नाही कारण त्यांनीच सांगितलंय कुठे टाकू नका, लोक न विचारता फाटकापाशी येऊन उभे राहतात बिस्किटांचे पुडे घेऊन.

एजन्सी नव्हती. ऑफिसमधली एक ख्मेर (कंबोडियातले लोक आणि त्यांची भाषा, दोन्ही ख्मेर) मैत्रीण आहे, तिच्या मावशीच्या गावातली बालवाडी. आधी व्हिडिओ कॉलवर तासभर आमचीच मुलाखत झाली. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं. आणि पहिला प्रश्न काय, तर किती दिवस राहणार. चार आठवडे म्हटल्यावर म्हणाले मग नको. सहा म्हटल्यावर म्हणाले बघतो. शेवटी सातावर तुटलं, अगदी भाजी घेतल्यासारखं! तुला त्या "कुठल्याही सोमवारी" मध्ये जे खटकलं ना, ते हेच. जिथे कुणीही कुठल्याही सोमवारी येऊ शकतं तिथे तीन वर्षांच्या पोरासमोर दर सोमवारी नवा चेहरा येणार आणि दर शुक्रवारी एक जाणार. आपल्या मुलांच्या शाळेत असं चालू दिलं असतं का आपण?

बालवाडी म्हणजे काय तर शिक्षिकेच्या घराखालची जागा. तिथली खेड्यातली घरं खांबांवर असतात, खाली माणूस उभा राहील एवढी उंची, तिथे सावलीत चटया, एक फळा आणि कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचा सिमेंटचा भलामोठा रांजण. दिवसाला दोनच तास. खेड्यातल्या अशा बालवाड्या साधारण दोनच तास असतात, तीन ते पाच वर्षांची सगळी एकत्र, सहाव्या वर्षी पहिलीत. सकाळी पोरं येणार, चपला ओळीत काढणार, शिक्षिकेला हात जोडून नमस्कार करणार (तिकडेही हात जोडूनच, सोम्पेआ म्हणतात), मग रांजणाशी रांग लावून ओगराळ्याने पाणी घेऊन हात धुणार. हे हात धुणंच वीस मिनिटं चालायचं. मला आधी वाटलं किती वेळ वाया जातोय. मग कळलं की वर्ग तोच आहे. माझ्या आधी कोण, माझ्यानंतर कोण, पाणी किती घ्यायचं, पुढच्याला ओगराळं कसं द्यायचं.

पहिल्या दिवशी मी माती खाल्ली. सिंगापूरहून खेळण्यांची पिशवी नेलेली, मोठ्या झोकात चटईवर ओतली. मुलं बावीस, खेळणी चौदा. पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते तुम्हीच समजा. शिक्षिका, म्हणजे नेआक क्रू (क्रू म्हणजे आपला गुरूच बरं का, आणि शाळेला म्हणतात साला), ती मला एक शब्द बोलली नाही. सगळं गोळा करून पिशवीत भरलं, पिशवी वर घरात नेऊन ठेवली आणि येताना पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात चिंचोके! आपले काळेभोर गुळगुळीत चिंचोके. प्रत्येकाच्या ओंजळीत थोडे दिले आणि पाचच्या ओळी लावायला सांगितलं. ख्मेरमध्ये आकडे असे आहेत: मुओय, पी, बेइ, बुओन, प्राम. झाले पाच. सहाला वेगळा शब्दच नाही, प्राम-मुओय, म्हणजे पाच-एक. सात प्राम-पी, आठ प्राम-बेइ. ती एक पंजा चटईवर पालथा ठेवायची आणि दुसऱ्या हाताचं एक बोट त्याच्या शेजारी टेकवायची, की बावीस पंजे आणि बावीस बोटं चटईवर. माझा मुलगा अजूनही सातची बेरीज करताना टेबलावर पंजा ठेवतो, त्याच्या टीचरला काही कळत नाही हा काय करतोय ते.

आमचं काम काय होतं विचारशील तर पहिले दोन आठवडे मुलांशी काहीच नाही. मी चटया धुतल्या, चित्रांचे तक्ते चिकटपट्टीने मढवले, जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवल्या, नेआक क्रूची हजेरीची वही आखून दिली. नवऱ्याने पत्र्याची पन्हाळ दुरुस्त केली आणि मग गावात बातमी पसरली, त्याला घरोघर पन्हाळी बघायला बोलावणं यायला लागलं, तो प्रचंड खूश. तिसऱ्या आठवड्यात मला दहा मिनिटं दिली मुलांसमोर. पावसाचं एक गाणं हातवारे करून म्हटलं, आपलं मराठीतलंच. निम्म्यात खरा पाऊस आला, पत्र्यावर असा बडवला की माझा मलाच आवाज येईना. मी मोठ्याने ओरडायला लागले तर नेआक क्रूने हातानेच खाली बस म्हणून सांगितलं. सगळी पोरं गप्प पाऊस बघत बसली. पंधरा-वीस मिनिटं कुणी हललं नाही. तसला वर्ग मी तरी कुठे पाहिलेला नाही.

नियम कडक होते. आम्ही कुणीही एकट्याने मुलांसोबत थांबायचं नाही. शी-शूला फक्त नेआक क्रू किंवा तिची बहीण नेणार. फोटो नाही म्हणजे नाही, फोन घरी ठेवून यायचा. डोक्यावरून हात फिरवायचा नाही. हे माझ्याकडून दोनदा झालं, आपल्याला सवयच असते, तिकडे डोकं मानाचं असतं, परक्याने हात लावायचा नसतो.

धाकटीचं सांगते. चार दिवस माझ्या ओढणीला धरून रडली. पाचव्या दिवशी एका पोरीने आपला क्रमा (चौकडीचा पंचा असतो तो, डोक्याला बांधतात, अंग पुसतात, त्याचीच झोळी करून बाळ झोपवतात) हिच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक स्वतः धरून हिला गाईसारखी फिरवून आणली. झालं, त्या दिवसापासून मी संपले. तिचा पहिला ख्मेर शब्द "ते". ते म्हणजे नाही. मी विचारायचे भात हवा का, ती म्हणायची "ते". मी: ते म्हणजे कुठलं? ती: "ते!!" आठवडाभर आमच्या घरात हे चाललेलं, शेवटी घरमालकीण हसत हसत येऊन सांगून गेली.

फी काही नव्हती. राहण्या-जेवणाचे पैसे थेट घरमालकिणीला. निघताना बालवाडीला काय देऊ विचारलं तर म्हणाल्या दोन चटया आणि तांदळाचं पोतं. म्हणून म्हटलं ना तात्या अर्धं बरोबर.

निघायचं मात्र सोपं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात नेआक क्रूने रोज सकाळी चिंचोके मांडले, प्राम-पी, मग प्राम-मुओय, मग प्राम, रोज एक कमी. म्हणजे मुलांना माहीत होतं आम्ही कधी जाणार. शेवटच्या दिवशी माझी मीच रडले, पोरं आपली हात धुवायच्या रांगेत.

मुक्काम_नाशिक

बापरे, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप खूप आभार. नवऱ्याला पन्हाळीचा भाग वाचून दाखवला तर तो लगेच म्हणाला मला हे जमेल, शिकवायचं सोडून काहीही सांगा.

तात्या, फोटोंचं मनाला लागलं. खरं सांगायचं तर फोटोंचा विचार केला होता मी, नाही असं नाही.

अंगणवाडीताई_निवृत्त

नमस्कार. मी डहाणूकडची. एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी बोलतेय आणि मुलगा टाइप करतोय, तेव्हा चुका त्याच्या.

बाळा, तू मनाने चांगली आहेस हे तुझ्या प्रश्नावरून कळतं. पण मी पलीकडच्या बाजूची आहे, म्हणजे ज्यांच्याकडे पाहुणे येतात त्यांच्यापैकी. आमच्याकडे पण यायच्या मुली, मुंबईच्या यायच्या, दोनदा परदेशातल्या आल्या. गोड मुली. तीन आठवडे राहायच्या. फुगे, टाळ्या, इंग्रजी गाणी, प्रत्येकाला कडेवर घ्यायच्या. गेल्या की पुढचा महिनाभर माझी पोरं माझ्याकडे बघायची नाहीत, कारण मी कुठे कडेवर घेत होते, माझ्याकडे चाळीस होती, पोषण आहार शिजवायचा, वजनं घ्यायची, रजिस्टरं भरायची. एक पोरगी होती, ती रोज फाटकाशी जाऊन उभी राहायची, गाडी येईल म्हणून. किती दिवस ते मी मोजलं नाही. पाव्हणा जातो, घर आपल्यालाच आवरायला लागतं.

आमच्या भागात तर हे काम फार जुनं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. वारल्यांची पोरं बालवाडीत येईनात. मग अनुताई नि ताराबाईंनी काय केलं, तर बालवाडीच उचलून पाड्यावर पोरांच्या अंगणात नेली. महागडं सामान बाजूला ठेवलं आणि शिंपले, बिया, पानं, काड्या यांच्यावर शिकवलं. तुझ्या त्या सिंगापूरच्या ताईने चिंचोक्यांचं लिहिलं ते ऐकून मला इतकं बरं वाटलं, मुलाला म्हटलं परत वाच. सरकारच्या अंगणवाड्या १९७५ ला २ ऑक्टोबरपासून सुरू झाल्या, त्याच्या कितीतरी आधीचं आहे हे.

मी जाऊ नको म्हणत नाही. पण तुला चित्र काढता येतं ना? मग मुलांसमोर उभं राहायच्या भानगडीत पडू नको. आमच्या तक्त्यावर कायम सफरचंद असायचं. आमच्या पाड्यावरच्या पोराने सफरचंद कशाला पाहिलंय, त्याने पाहिलाय ताडगोळा. मी स्वतः खडूने काढायचे ताडगोळा, तो फणसासारखा दिसायचा. कुणी चित्र काढणारी चार महिने माझ्या शेजारी बसली असती आणि मी सांगेन ते काढून दिलं असतं तर मी तिचे पाय धरले असते. तिथल्या बाईला विचार तुला कशाची चित्रं हवीत. तिकडे ताड असतात का गं?

नॉमपेनकर

ताई, ताड म्हणजे काय, ताड तर कंबोडियाचं राष्ट्रीय झाडच आहे! भाताच्या खाचरांच्या बांधावर सगळीकडे ताडच ताड, त्याचा गूळ करतात, झकास असतो.

मी इथे राजधानीत, नॉम पेनमध्ये, नऊ वर्षं आहे, कपड्यांच्या फॅक्टरीत क्वालिटीचं काम. थोडं व्यवहाराचं सांगतो, भावनेचं वर झालंच आहे.

एप्रिल विसरा. एक तर मरणाचं ऊन, नाशिकचं ऊन परवडलं असं, घामाने शर्ट दिवसातून तीनदा बदलायला लागतो. दुसरं म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, साधारण १४ च्या आसपास, ख्मेर नववर्ष. अख्खा देश गावाला जातो, शाळाबिळा बंद, दुकानं बंद. मे ते ऑक्टोबर पाऊस, पण तो आपल्या कोकणासारखा दिवसभर झोडपत नाही, बहुतेक दुपारनंतर येतो नि जातो. जून-जुलै बरा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलात तर पचुम बेन असतं, पंधरा दिवस पितरांना भाताचे गोळे ठेवतात पॅगोड्यात, आणि महिना कुठला तर फोत्रोबोत, म्हणजे भाद्रपद! मी पहिल्या वर्षी आईला फोन करून सांगितलं इथे पण पितृपक्ष आहे, तिचा विश्वासच बसला नाही.

व्हिसा. टुरिस्ट व्हिसा महिन्याचा असतो आणि एकदाच वाढतो. बिनपगारी असलं तरी काम ते काम, त्यामुळे ई वर्गाचा व्हिसा घ्या, तो इथे आल्यावर पुढे वाढवता येतो. कागद कुठले लागतील ते निघायच्या आधी दूतावासाच्या साइटवर बघा आणि बालवाडीवाल्यांना पण विचारा. जर कुणी म्हणालं "टुरिस्टवरच या, कुणी बघत नाही", तर तिथेच फोन ठेवा, बाकीच्या गोष्टीतपण तसलेच असतात ते.

आता महत्त्वाचं. इथे "अनाथाश्रम" नावाची जी टूरिस्ट भानगड आहे तिकडे फिरकू नका. एजन्सीच्या पॅकेजमध्ये बालवाडीसोबत "अनाथाश्रमाला भेट" असेल तर ते पॅकेजच घेऊ नका. त्यातल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप जिवंत असतात, कधी दोघंही. गरिबीमुळे, नाहीतर चांगली शाळा मिळेल सांगून मुलं आणलेली असतात, आणि पाहुणे पैसे देतात म्हणून मुलं तिथेच राहतात. २०११ मध्ये इथल्या चाइल्डसेफ या मुलांसाठी काम करणाऱ्या मंडळींनी "मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे" अशी मोहीमच काढली होती. ऑस्ट्रेलियाने २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा केला तेव्हा ही गोष्टही विचारात घेतली. आईबापांकडे रात्री झोपायला जाणारी मुलं जिथे दोन तास येतात ती बालवाडी वेगळी, तिचा आणि याचा संबंध नाही. पण इंटरनेटवर दोन्ही एकाच दुकानात मांडलेलं असतं.

तब्येतीचं. डेंग्यू आहे, पावसात जास्त, डास दिवसा चावणारा असतो तेव्हा मुलांना सकाळपासूनच पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम. खेड्यात राहणार तर जपानी मेंदूज्वराची लस आणि कुत्री भरपूर म्हणून रेबीजची आधीची लस, याबद्दल डॉक्टरांशी बोला, निघायच्या आठवड्यात नको, दोन महिने आधी. पायवाट सोडून रानात शिरायचं नाही, युद्धाच्या काळात पुरलेले सुरुंग अजून सगळे निघालेले नाहीत. मुलाला सिएम रीपमधलं उंदरांचं केंद्र जरूर दाखवा, मोठे आफ्रिकन उंदीर वासावरून सुरुंग शोधतात. त्यातल्या मगावा नावाच्या उंदराने १०० हून जास्त सुरुंग आणि स्फोटकं शोधली, २०२० मध्ये त्याला इंग्लंडच्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. पदक गळ्यात घातलेला फोटो आहे त्याचा, माझ्या भाच्याने वॉलपेपर ठेवलाय.

आणि नॉम पेनला आलात तर तुओल स्लेंग संग्रहालयाला मुलांना नेऊ नका, धाकटीला तर अजिबात नाही. ती इमारत आधी शाळा होती. १९७५ ते ७९ मध्ये तेव्हाच्या ख्मेर रूज राजवटीने तिचा तुरुंग केला. वर्गांचे फळे, भिंती अजून दिसतात. शिकलेली माणसं, शिक्षक, वेचून मारले त्या काळात, देशातली साधारण चौथाई माणसं गेली. तुमची जी कोणी नेआक क्रू असेल ना, तिला शिकवणाऱ्यांना कुणी शिकवलं असेल याचा विचार करा. पुस्तकं नाहीत, शिक्षक नाहीत, तिथून परत उभं केलंय यांनी. त्यामुळे बाहेरून येऊन "आम्ही शिकवतो" म्हटलं की इथली माणसं हसून मान डोलावतात आणि मनात काय ते ठेवतात.

शाकाहाराचं जरा कठीण. भाजीतही माशांचा सॉस असतो आणि खेड्यात प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांचा लगदा, त्याशिवाय पान हलत नाही. घरमालकिणीला आधीच सांगा, नाहीतर इंडक्शन शेगडी आणि छोटा कुकर आणा.

हां, आणि अंगकोरचं तिकीट एक दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, बारा वर्षांखाली फुकट. मुलाचा पासपोर्ट जवळ ठेवा.

पाऊसवेडी

कुकरला अनुमोदन. आम्ही नेला नव्हता, पाचव्या आठवड्यात वरणभातासाठी मी कुणालाही काहीही द्यायला तयार होते.

एक राहिलं. मुलाला एक वही दे. आमच्याने तिकडे शब्दांची यादी केली, सुओस्दै म्हणजे स्वस्ति, फिआसा म्हणजे भाषा. आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघून ओरडला, आई हे का खा को खो ङो म्हणतायत, हे आपलंच आहे! क्रम तोच, क ख ग घ ङ. नेआक क्रूला त्याने आपली अक्षरं लिहून दाखवली, ती बराच वेळ बघत बसली आणि मग तिच्या वहीत उतरवून घेतली.

तिरसट_तात्या

वाचतोय. दंडवत मागे घेतो, एजन्सीपुरता ठेवतो.

मुक्काम_नाशिक

दोन आठवड्यांनी अपडेट देतेय, धागा वर आणल्याबद्दल सॉरी.

एजन्सीला नाही कळवलं, त्यानंतर दोन वेळा डिस्काउंटचा मेसेज आला, दुसऱ्यांदा तर मुलं फ्री. पाऊसवेडीने तिच्या मैत्रिणीकडून बालवाडीला विचारलं. मुलाखत झाली, मी एवढी लग्नाच्या वेळीही घाबरले नव्हते. जून-जुलै, आठ आठवडे. मुलाच्या शाळेशी बोलले, बाई म्हणाल्या पाचवीच आहे, जाऊ दे, आल्यावर वर्गाला सगळं सांगायचं या अटीवर.

मी त्यांना अंगणवाडीताईंनी सांगितलेला प्रश्न विचारला, कशाची चित्रं हवीत. दुसऱ्या दिवशी यादी आली, चाळीस वस्तू. ताडाचं फळ आहे, ताई! क्रमा आहे, रांजण आहे, भाताची पेंढी, मासे धरायची वेताची टोपली, पाण्यातली म्हैस. सफरचंद नाही. त्यांनी प्रत्येकाचा फोटो पाठवलाय आणि खाली लिहिलंय की टोपलीचं तोंड वर नको, खालून उघडी असते ती, माशावर वरून दाबायची. मी तीन वेळा चुकीची काढली. आता रोज रात्री मुलं झोपली की दोन चित्रं, नवरा शेजारी बसून यूट्यूबवर पन्हाळी बघतो.

आम्हाला वर्गात बसू द्यायचं की नाही ते तिथे गेल्यावर नेआक क्रू ठरवणार. धाकटीला मात्र पहिल्या दिवसापासून बसवणार म्हणाल्यात.

आणि सासूबाई. काही बोलल्या नाहीत, पण परवा बघितलं तर आमटीला चिंच भिजवल्यावर चिंचोके धुऊन गच्चीत वाळत घातलेले. विचारलं तर म्हणाल्या पोरांना लागतील ना. शेजारणींकडूनही गोळा केलेत, किलोभर झालेत. विमानतळावर अडवतील का?

नॉमपेनकर

वहिनी, चिंचोके आणू नका, बिया बघून कस्टमवाला उगाच प्रश्न विचारेल, आणि इथे दर घरामागे चिंच आहे. आईंना सांगा तेवढ्या वजनाचा गोडा मसाला द्या, पत्ता मेसेज करतो.